अंड्याशिवाय अपुरे : जुने फिगरल एग कप जमवायला सुरुवात करताना

माझ्याकडे चिनीमातीचा एक छोटा माणूस आहे. उंची जेमतेम सात सेंटीमीटर. गाल फुगलेले, तोंडाचा चंबू, भुवया पार वर चढलेल्या. आणि भुवयांच्या वर काहीच नाही, डोक्याच्या जागी नुसती वाटी. रिकामा असला की तो बघवत नाही. पण त्या वाटीत उकडलेलं अंडं ठेवलं की त्याला लख्ख, गुळगुळीत टक्कल येतं आणि माणूस पुरा होतो. मग लक्षात येतं की त्याच्या भुवया का चढल्या आहेत. आता डोक्यावर चमचा पडणार, हे त्याला कळलंय. ज्या कुणी हा साचा बनवला, त्याने चमचासुद्धा हिशोबात धरला होता.

एग कप म्हणजे उकडलेलं अंडं उभं ठेवून, वरचं टोक चमच्याने फोडून खाण्यासाठीचा छोटा पेला. फिगरल एग कप म्हणजे माणसांच्या, प्राण्यापक्ष्यांच्या, गोष्टीतल्या पात्रांच्या रूपातले एग कप. ते जमवण्यातली खरी मजा इथेच आहे. ही वस्तू अर्धीच बनवलेली असते, उरलेली अर्धी अंड्याने पुरी करायची असते. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: कप बघताना डोळ्यांसमोर अंडं ठेवा. माझ्या पिशवीत कायम एक लाकडी अंडं असतं. कोंबडीच्या मध्यम अंड्याएवढं, सर्वांत फुगीर ठिकाणी साधारण साडेचार सेंटीमीटर. कुठलाही कप हातात आला की आधी ते त्यात बसवून बघायचं. तुम्हीही असं एक मिळवा. या छंदाला दुसरं कुठलंही हत्यार लागण्याआधी हे लागतं.

मऊ उकडलेलं अंडं उभं धरायचं भांडं ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या अवशेषांतही एग कप सापडले आहेत. ते जमवण्याच्या छंदाला ‘पोसिलोवी’ असं नाव आहे. अंड्याचा छोटा पेला या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून ते घेतलंय. ते माहीत असलं की याच वाटेवरची माणसं शोधायला सोपं जातं.

पहिली पायरी : नजर तयार करा

पहिला महिनाभर काही विकत घेऊ नका. नुसतं बघा. लिलावांच्या याद्या, जुन्या वस्तूंची दुकानं, ओळखीतल्या कुणाचं कपाट, जे मिळेल ते. बघताना स्वतःला एक प्रश्न विचारत राहा: इथे वाटी आणि आकृती यांचं नातं काय आहे?

सर्वांत साधा प्रकार म्हणजे वाटी एका बाजूला आणि आकृती तिच्या शेजारी. ससा झाडाच्या बुंध्याला टेकून उभा आहे आणि तो बुंधा म्हणजे वाटी. कोंबडीचं पिल्लू गाडी ओढतंय आणि गाडीत अंडं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात असे कप जपान आणि जर्मनीतून ढिगाने बाहेर गेले. जपानी कपांवर बऱ्याचदा मोत्यासारखी चमक असते, पीच रंगाची किंवा निळी. तिला लस्टर म्हणतात. हे कप गोड दिसतात आणि नवख्याला सहज मिळतात, पण यांच्यात अंडं नुसतं पाहुणा असतं. काढून घेतलं तरी सशाचं काही अडत नाही.

दुसऱ्या प्रकारात आकृती वाटी पाठीवर किंवा हातात धरते. ओझं वाहणारं गाढव, मान मागे वळवून पाठीकडे बघणारा हंस. इथे वजनाचा खेळ सुरू होतो. चांगल्या कारागिराने केलेल्या हंसाची मान अशी वळलेली असते की अंडं ठेवल्यावर तो त्याच्याकडेच बघतोय असं वाटतं. साधारण कामात मान नुसतीच वाकडी असते. लाकडी अंडं ठेवून बघितलं की हा फरक क्षणात कळतो.

तिसरा प्रकार माझा लाडका, अंडंच अंग होतं तो. टकल्या माणसाचं डोकं, जोकराचं कपाळ, घरट्यातल्या पक्ष्याचं पोट. जर्मनीतल्या गोएबल कंपनीने केलेले झगेवाले गुबगुबीत मठवासी पाहा. बहुतेकांचे झगे तपकिरी असतात, लाल झगेवाले कमी दिसतात. ही कंपनी १८७१ मध्ये बव्हेरियातल्या आजच्या र्‍योडेनटाल भागात सुरू झाली. तिच्या चेहऱ्यांत एक मऊपणा आहे, तो एकदा डोळ्यांत बसला की शिक्का न बघताही तिचं काम ओळखू येऊ लागतं.

आणि मग पाय असलेले कप! १९७०च्या दशकात रॉजर मिशेल आणि डांका नापिओर्कोव्स्का या जोडीने ‘वॉकिंग वेअर’ काढलं आणि इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या कार्लटन वेअरने ते मोठ्या प्रमाणावर बनवलं. साधी पांढरी वाटी, खाली दोन लांब पाय, त्यात पट्ट्यापट्ट्यांचे मोजे आणि पायांच्या मानाने भलेमोठे बूट. काही उभे, काही चालायला निघालेले, काही पायावर पाय टाकून निवांत. चेहरा कुठेच नाही. अंडं ठेवलं की तेच धड आणि तेच डोकं. इतक्या थोडक्यात इतकं व्यक्तिमत्त्व उभं करणं सोपं नाही, आणि नवख्याने निदान एक तरी असा कप हातात घेऊन बघावाच.

याशिवाय शिट्टी असलेले कप मिळतात, मुलांनी अंडं संपवावं म्हणून केलेले. काहींवर टोपी किंवा डोकं वेगळं असतं आणि त्यात मीठ भरायची सोय असते. अशा कपांचे दोन्ही भाग एकत्र मिळणं अवघड. नुसतं खालचं धड विकायला आलं आणि विकणाऱ्याला वर काही होतं हेच ठाऊक नाही, असं बरेचदा होतं. मानेच्या कडेला ग्लेझ, म्हणजे मातीवरचा काचेसारखा चकचकीत थर, नसलेली गोल पट्टी दिसली तर तिथे काहीतरी बसत होतं असं समजा.

दुसरी पायरी : उलटा करा

आकृती बघून मन भरलं की कप उलटा धरा. तळाशी दोन गोष्टी असतात: शिक्का आणि कप कसा बनला याच्या खुणा. नवखे फक्त शिक्का बघतात.

आधी शिक्क्याचं बघू. अमेरिकेत १८९० चा एक जकात कायदा १८९१ पासून लागू झाला आणि तिथे येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत लिहिणं सक्तीचं झालं. त्यामुळे देशाचं नाव हाच आपला पहिला धागा. जपानी वस्तूवर ‘निप्पॉन’ (जपानचंच जपानी नाव) असेल तर ती साधारण १८९१ ते १९२१ मधली. त्यानंतर अमेरिकेने ‘जपान’ असं लिहायला लावलं. ‘ऑक्युपाइड जपान’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातला काळ, जो १९५२ मध्ये संपला. हा काळ लहान असल्यामुळे काही संग्राहक फक्त याच शिक्क्याच्या मागे असतात, आणि म्हणूनच हा शिक्का नंतर खोटाही मारला गेला. ‘यू. एस. झोन जर्मनी’, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातला जर्मनीचा भाग, १९४५ ते १९४९ चा, ‘वेस्ट जर्मनी’ १९४९ ते १९९० चा. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर १९१८ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण तो देशच तेव्हा जन्मला.

ब्रिटिश वस्तूंवर कधी चौकट तिरकी उभी केल्यासारखं चिन्ह दिसतं, त्यात कोपऱ्याकोपऱ्यात अक्षरं आणि आकडे. ती १८४२ ते १८८३ या काळातली नक्षीनोंदणी. १८८४ पासून त्याजागी साधा नोंदणी क्रमांक आला. पण एक लक्षात ठेवा, तो नक्षी नोंदवल्याचा काळ आहे, हा विशिष्ट कप भट्टीतून निघाल्याचा नाही. लोकप्रिय साचा वर्षानुवर्षं चालायचा.

गोएबलचं उदाहरण घेऊ. जुन्या वस्तूंवर मुकुटाचा शिक्का असतो. १९५० पासून इंग्रजी व्ही अक्षरात उडणारी माशी आली. जर्मन भाषेत हुमेल म्हणजे भुंग्यासारखी गुबगुबीत माशी, आणि मारिया इनोसेन्शिया हुमेल या ख्रिस्ती जोगिणीच्या चित्रांवरून कंपनी मूर्ती बनवत असे. त्या १९४६ मध्ये वारल्या, त्यांच्या आठवणीला ही माशी. सुरुवातीला ती मोठी होती, पुढे लहान आणि साधी होत गेली. डिस्नेच्या पात्रांवर ‘वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स’ असेल तर ते १९८६ च्या आधीचं, कारण त्या वर्षी कंपनीचं नाव बदललं.

आणि शिक्का नसेलच तर? तर काही नाही. एग कपचा तळ एवढासा, बऱ्याच कारखान्यांनी कागदी चिठ्ठी चिकटवली आणि ती पहिल्याच धुण्यात गेली. बिनशिक्क्याचा म्हणजे खोटा किंवा कमी दर्जाचा, असं मुळीच समजू नका. माझ्याकडचे सर्वांत सुंदर तीन कप बिनशिक्क्याचे आहेत, टकल्या त्यातलाच. उलट ‘डिशवॉशरमध्ये चालेल’ असं छापलेलं दिसलं तर जुनेपणाचा विषय तिथेच संपला.

आता तळाच्या दुसऱ्या खुणा. बहुतेक फिगरल कप साच्यात ओतून केलेले असतात. पाण्यात पातळ कालवलेली माती प्लास्टरच्या साच्यात भरतात, प्लास्टर पाणी शोषून घेतं, भिंतीलगत मातीचा थर धरतो आणि मधली उरलेली माती ओतून टाकतात. म्हणून आकृती आतून पोकळ असते. पोकळीतली हवा भट्टीत तापून फुगते, तिला वाट हवी, म्हणून तळाला किंवा मागे छोटं छिद्र ठेवलेलं असतं. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे कडेने एक बारीक रेघ उठते. चांगल्या कारखान्यात ती रेघ भाजण्याआधी ओल्या स्पंजने पुसून काढत. हंसाच्या मानेवरून नख फिरवा. रेघ लागली नाही तर कुणीतरी तो कप हातात घेऊन वेळ दिला होता.

याच पद्धतीमुळे नकलाही पकडता येतात. नक्कल करणारा बऱ्याचदा मूळ कपावरूनच नवा साचा काढतो. माती वाळताना आणि भाजताना आकसते, दहा-बारा टक्के सहज. म्हणजे मूळ कप सात सेंटीमीटरचा असेल तर नक्कल सव्वासहाच्या आसपास येते. शिवाय तपशील बोथट होतात, बोटं चिकटतात, डोळ्यांच्या पापण्या विरतात. त्यामुळे आवडीच्या प्रकारांची उंची मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. आणि पुन्हा तेच, लाकडी अंडं काढा. अनेक नकलांमध्ये ते वाटीत खाली उतरतच नाही, काठावर अडून बसतं. चांगल्या कपात अंड्याचा निम्मा भाग, नाहीतर थोडा कमी, काठाच्या वर राहतो आणि डुगडुगत नाही.

तिसरी पायरी : प्रकृती तपासा

उजेडाकडे पाठ न करता, खिडकीजवळ उभं राहून बघा. आधी बाहेर आलेले भाग: कान, चोच, नाक, टोपीचं टोक, बुटांची पुढची बाजू. टवका तिथेच उडतो. मग वाटीचा काठ, कारण चमच्याचे वार त्याने सोसलेले असतात. डोळ्यांपेक्षा बोटाच्या टोकाला टवका लवकर सापडतो, डोळे मिटून काठावरून बोट फिरवा. मग पाय वाटीला जिथे जोडलेत ते सांधे. डिंकाने चिकटवलेला पाय असला तर सांध्यावर पिवळसर रेघ किंवा किंचित फुगीरपणा दिसतो. अतिनील दिव्याखाली दुरुस्तीचा रंग आणि चिकटद्रव्य बहुतेक वेळा मूळ ग्लेझपेक्षा वेगळं चमकतं. छोटा दिवा जवळ ठेवणं परवडतं.

कप बोटावर तोलून नखाने टिचकी मारायची, खणखणीत वाजला तर धड, भद्द वाजला तर चीर, हा जुना उपाय पेल्यांना लागू पडतो. फिगरल कपांना फारसा नाही. आकृतीची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे धडधाकट ससासुद्धा भद्द वाजतो. त्यावरून कुठलाही कप नाकारू नका.

ग्लेझवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर घाबरू नका. माती आणि ग्लेझ वेगवेगळ्या मापाने आकसल्यामुळे ते होतं. मला त्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसारख्या आवडतात. आरपार गेलेली चीर मात्र वेगळी. तीच रेघ वाटीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे दिसली की ती चीर.

मी स्वतः काय चालवून घेतो ते सांगतो. तळाकडचा टवका चालतो. कानाचा टवका, कप दुर्मिळ असेल तर चालतो. चेहरा खराब झालेला कप कितीही स्वस्त मिळाला तरी घेत नाही. चेहरा गेला की अंडं ठेवूनही माणूस पुरा होत नाही.

चौथी पायरी : एक धागा निवडा, पण सैल

फक्त पक्षी, फक्त चेहरे, फक्त पाय असलेले, एकाच देशाचे, एकाच दशकातले. काहीही चालेल. पहिले दहा कप मनाला येतील तसे घ्या, मग ते एका ओळीत मांडा आणि बघा. तुमचा धागा त्यात आधीच पडलेला असतो. माझ्या पहिल्या दहापैकी सहा चेहरे निघाले, मला तोवर कळलंही नव्हतं.

पाचवी पायरी : न बघता घेताना

ऑनलाइन घेणार असाल तर पाच फोटो मागा: समोरून, मागून, तळ, वरून वाटीच्या आत, आणि काठाच्या बाजूने तिरक्या उजेडात. उंची आणि वाटीच्या तोंडाचा व्यास मागा. ‘चीर, टवका, दुरुस्ती, पुन्हा रंगवलेलं आहे का’ असं चारही शब्द घेऊन विचारा. ‘स्थिती चांगली’ या उत्तरावर थांबू नका. आणि पाठवणाऱ्याला वाटीच्या आतही कागद भरायला सांगा. बाहेरून कितीही गुंडाळलं तरी दाब आत रिकाम्या जागेकडे येतो आणि काठ मोडतो. कान, चोच यांच्याभोवती पोकळी सोडून गुंडाळायचं, घट्ट आवळायचं नाही. डब्यात डबा असावा.

सहावी पायरी : धुणं आणि मांडणं

इथे माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो. एक जोकर होता, नाक लालभडक, ओठ लाल. घरी आणल्या आणल्या मी त्याला साबणाच्या गरम पाण्यात बुडवला आणि दहा मिनिटांनी काढला. पाणी गुलाबी झालं होतं आणि जोकराचं नाक पांढरं. काही कारखाने ग्लेझ भाजून झाल्यावर वरून नुसता रंग लावत, तो पुन्हा भट्टीत जातच नसे. असा रंग पाण्याला, साबणाला, नखाला, कशालाही टिकत नाही. म्हणून धुण्याआधी कापसाचा बोळा साध्या पाण्यात भिजवून, तळाजवळच्या रंगाच्या ठिपक्यावर हलकेच टेकवा. कापसाला रंग लागला की धुणं बंद, फक्त मऊ कोरडा ब्रश. रंग सुटला नाही तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. भेगाळलेला किंवा जोडलेला कप पाण्यात बुडवून ठेवू नका. आकृतीच्या तळाला छिद्र असेल तर आत पाणी साचतं, उलटा ठेवून पुरता निथळू द्या.

तुटलंच काही, तर घाईने झटपट चिकटणारा डिंक लावू नका. वस्तुसंग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ नावाचं चिकटद्रव्य वापरतात, ते पुढे अ‍ॅसिटोनने सोडवता येतं. चूक झाली तर परत फिरता येतं, एवढंच त्यातलं मोठं. पण वरून न भाजता लावलेला रंग असलेल्या भागाजवळ अ‍ॅसिटोन नेऊ नका.

चांदीचे किंवा चांदीचा मुलामा दिलेले कप असतील तर आत अंडं ठेवून तसंच राहू देऊ नका. अंड्यातल्या गंधकामुळे चांदी काळी पडते. जुन्या कपांच्या आतून सोन्याचा मुलामा आणि अंड्यासाठी शिंपल्याचे, हाडाचे चमचे दिसतात, ते याचसाठी.

जुने कप खाण्यासाठी वापरू नका. त्या काळच्या ग्लेझमध्ये आणि रंगांत शिसं, कॅडमियम असू शकतं. कपाटात मांडताना मात्र लाकडी किंवा संगमरवरी अंडी ठेवायला काहीच हरकत नाही. रांगेत प्रत्येक चौथ्या-पाचव्या कपात एक अंडं असलं की पाहुण्याला लगेच कळतं की हे काय आहे. मांडणी डोळ्यांच्या उंचीला हवी, कारण हे चेहरे वरून बघण्यासाठी केलेलेच नाहीत. थेट ऊन नको, रंग उडतो. लांब पायांचे कप फळीवर सहज कलंडतात, त्यांच्या तळाला संग्रहालयात वापरतात तसलं मेण वाटाण्याएवढं लावा. हलक्या हाताने पिरगळलं की ते सुटतं, ओढायचं नाही.

सातवी पायरी : वही

ही पहिल्या कपापासून सुरू करा, पन्नास झाल्यावर नाही. क्रमांक, कुठून आला, कधी आला, उंची, वाटीचा व्यास, शिक्का अक्षर न अक्षर जसाच्या तसा, दोष. तर्काने ठरवलेल्या गोष्टी पेन्सिलने लिहा, म्हणजे पुढे खोडता येतील. प्रत्येक कपाचे दोन फोटो लावा, एक रिकामा आणि एक अंड्यासह. माझ्या वहीतली टकल्याची नोंद अशी आहे:

क्र. ११. चेहरा, पुरुष. ७१ मिमी, तोंड ४४ मिमी. पोर्सिलेन, काठ दिव्यासमोर धरल्यावर उजेड आरपार दिसतो. शिक्का नाही, तळाला छिद्र एक. साच्याची रेघ कानामागे, पुसलेली. डाव्या कानाला जुना टवका. पेन्सिलने: जर्मन? अंडं व्यवस्थित बसतं, निमुळतं टोक वर ठेवलं तर वय वाढलेलं दिसतं, फुगीर टोक वर ठेवलं तर तरुण.